गळ नसलेली काठी

“घाई कायची हाय, बाई?” असे म्हणून ते गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारायचे. एखादी गोष्ट पुढे ढकलायची असली की हात आपोआप माळेकडे जायचा. गेल्या खेपेला तुम्ही मालेगावला आलात, तेव्हा कुंपणावरून पेरू देणारे आजोबा आठवतात ना? तेच. आमचे शेजारी. घरामागच्या मळ्यात भाजीपाला काढायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून सारी गल्ली मला बाई म्हणते. वयाने मोठे असून तेही बाईच म्हणत.

त्यांच्या वडिलांना मासे धरायचा भारी नाद. वडील गेल्यावर मळा दोघा भावांत वाटला गेला, आणि गळाची बांबूची काठी यांनी मागून घेतली. गंमत म्हणजे तोवर यांनी माळ घातलेली होती. माळकरी माणूस मासा खात नाही, मग धरणार कशाला? काठी गोठ्यात पडून राहिली. बांबू फाटला, दोरा कुजला.

एक दिवस काठी दिसेना. शोधता शोधता सापडली ती वालाच्या वेलात. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वेलाला आधार म्हणून ती रोवून टाकली होती.

“अवं, माह्या बापाची काठी हाय थे!”

“मंग? तुमच्या बापाले मासे देल्ले तिनं, तुमाले शेंगा देऊन राह्यली. खा गुमान.”

वेल ऐन फुलावर होता. काठी उपटली असती तर वेलही गेला असता. ते रोज सकाळी तिथे जाऊन नुसते उभे राहत. मला गोष्टी ठरलेल्या आवडतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटले, “दुरुस्त करायची की नाही, एकदाचे ठरवून टाका.”

“घाई कायची हाय, बाई? शेंगा तं होऊ द्या.” हात माळेकडे गेला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “नीट केली तं थे पाण्याकडंच ओढन मले. अन् नाही केली, तं बापाची एकच वस्तू मातीत सडते.”

“मग नीट करून भिंतीवर टांगा.”

“भिंतीवर बापाचा फोटो हाय ना. थोच तिथं खुश दिसत नाही.”

शेंगा संपल्या, वेल वाळला. मग त्यांनी काठी अलगद काढली. फाटल्या जागी दोरा आवळला, जवसाचे तेल पाजले, नवी दोरी बांधली. जुना गळ तेवढा सोडवून वहिनींच्या हातावर ठेवला. “हा तुह्यापाशी राहू दे.” वहिनींनी त्याला लिंबू-मिरची टोचून दारावर लटकवले.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी तलावावर जाऊ लागले. दोरीच्या टोकाला कणकेचा गोळा चिकटवून पाण्यात सोडायचे. मासे यायचे, खायचे, निघून जायचे. मोटारसायकलवरची पोरे थांबून विचारायची, “काय आबा, मासे जेवाले बसवले का?”

“हो ना! माह्या बापानं लय मासे खाल्ले. आता त्यायले खाऊ दे.”

तो चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. तसा निवांतपणा मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिला नव्हता. माळ सदऱ्याच्या बाहेर असायची, हात तिच्याकडे जायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. यंदा वहिनींनी वालासाठी नवा बांबू आणवला.

परवा संध्याकाळी फिरत फिरत मी तलावावर गेले. काठाशी उभी राहिले, माझी सावली पाण्यावर पडली, आणि पाणी हलले. मासे तोंडे वर करून काठाला आले. माझे हात रिकामे होते.

“सरका बाई,” मागून आवाज आला. “भुकेले हायत थे.”

वहिनी उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कणकेचा गोळा.