शेंगाच्या पोळ्यांची वजाबाकी

धारवाडला ट्रेनिंग संपवून मी वडगावातल्या मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा मला बिगरीचा वर्ग मिळाला. चार-पाच वर्षांच्या पोरी, बहुतेक विणकरांच्या घरातल्या. लहान मुलाचं मन कोरी पाटी असतं, असं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्या भरवशावर मी पहिलं तोंडी गणित घातलं.

"एका मुलाजवळ पाच पेरू होते. त्यानं दोन मित्राला दिले. किती उरले?"

पुढच्या रांगेतली एक बारकी पोर म्हणाली, "का दिले?"

"मित्र होता म्हणून."

"मग मित्रानं त्याला काय दिलं?"

दुसरीनं विचारलं, पेरू पिकलेले होते का? पाच वजा दोन कुणालाच नको होतं. आठवडाभर मी पेरू, चिमण्या आणि फुगे वाटले. एकही उत्तर आलं नाही. पोरींना गणिताचं डोकं नाही, असं माझं मत बनत चाललं होतं.

एके दिवशी तीच बारकी पोर उशिरा आली. मी रागावले तशी म्हणाली, "आप्पांस्नी मागाच्या धोट्यात घालायला सुताच्या सा कांड्या पायजे हुत्या, बाई. आक्कानं चारच भरल्यात्या. दोन मी भरून दिल्या, मग आलो."

मी तिला बसायला सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं, की हिनं आत्ताच गणित सोडवलं. तेही कुणी न विचारता.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं. घरात काय झालं ते पोरींनी सांगायचं, बाकीच्यांनी चिंचोके मांडून उत्तर काढायचं. सुरुवातीला वस्तू आली की चिंचोका ठेवायच्या, गेली की उचलायच्या, आणि उरलेले पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. हळूहळू चिंचोक्याला हात न लावताच ओरडायला लागल्या. मी खूश होते. धारवाडला कळवावं असंही मनात आलं.

मग एका सकाळी त्या पोरीनं गणित घातलं. "आईनं सात शेंगाच्या पोळ्या केल्या. आज्जीला चारच सांगितल्या. तर लपवल्या किती?"

"तीन!" सगळा वर्ग एका आवाजात. इतकी बिनचूक वजाबाकी त्या खोलीत आजवर झाली नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती वजाबाकी वडगावभर झाली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत आज्जी दारात उभी.

"बाई, ह्ये काय शिकवतायसा पोरास्नी?"

"गणित शिकवते, आज्जी."

"व्हय? मग मी बी बगतो कसलं गणित हाय त्ये."

आणि ती उंबऱ्यात बसली. मी घाबरत घाबरत वर्ग सुरू केला. त्या दिवशीची गणितं आज्जीच्या शेजारच्या घरातली निघाली. आज्जी शाळा सुटेपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला घेऊन आली आणि महिनाभरात उंबरा पुरेना. आपल्या घरचं काही फुटलं तर जागेवरच खुलासा करता यावा, म्हणून सुनाही दुपारी डोकावून जायला लागल्या. नात घरी राहिली तर आज्ज्यांना शाळेत बसायला निमित्त उरेना, म्हणून पोरींना ताप आला तरी कडेवर घेऊन आणायला लागल्या.

अशी हजेरी शाळेत कधीच नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांनी दारातली गर्दी पाहून हेडमास्तरांना कारण विचारलं.

"शिस्त, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "मी पहिल्यापासून शिस्तीला फार जपतो."

साहेबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मुलींना पुस्तकातली गणितं घालत जा, पेरूंची वगैरे. त्यानं बुद्धीला चालना मिळते.