जिथे ‘द’ लावायचा नाही

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात बालवाडी निघणार होती आणि तिथल्या बाईसाठी दहावी पासची अट होती. माझी वहिनी लग्नाआधी फक्त इंग्रजीत नापास झाली होती. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. तसं ती एकदाच बोलली, पण भाकरी थापताना स्पेलिंगं पुटपुटायची, त्यावरून कळत होतं. मी जालन्याला बी.ए. करत होतो, सुट्टीत घरी आलो आणि शिकवणं माझ्या गळ्यात पडलं.

इंग्रजी नामाआधीचा ‘द’ (the) कुठे लावायचा हे तिला लवकर समजलं. कुठे लावायचा नाही, तिथे गाडी अडली. गावांच्या नावांआधी नाही, भाषांआधी नाही, लंच-डिनर अशा जेवणांच्या नावांआधी नाही, इथवर सगळं बिनचूक. राजूर, अंकुशनगर, मराठी, सगळं ‘द’शिवाय. माणसाच्या नावाआधीही नाही, म्हणून मी म्हटलं, "दादाच्या नावानं एक वाक्य करा."

तिने लिहिलं : द ओनर ऑफ द हाउस इज इन द फील्ड.

"अहो वहिनी, नाव लिहा, नाव!"

"मालकाचं नाव न्हाई घेत मी, भावजी. वाक्य तर बराबर हाय ना? मंग?"

वाक्य बरोबर होतं, हीच पंचाईत. ओसरीवरून दादा म्हणाला, "लिव्ह की. कागदावर लिव्हल्यानं मी काय झिजून जाईन का?" तिने पदर सारखा केला आणि दुसरं उदाहरण मागितलं. मला भयंकर राग आला, पण तिच्यापुढे कुणाचंच चालायचं नाही. शेवटी सगळी वाक्यं तिने माझ्या नावाने केली. त्यांत मी झाडावर चढलो, विहिरीत पडलो, दोनदा नापासही झालो. दादाचं नाव न लिहिताच ती ऑक्टोबरात पास झाली.

मुलाखत तालुक्याच्या कचेरीत होती. दादा आणि मी बाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. साहेबांनी सुरुवातीलाच विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

असं कुणी विचारलं की एरवी तिच्या वतीने घरातलं कुणीतरी सांगायचं. आज आत घरचं कुणी नव्हतं. साहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले, "बाई, नाव सांगता येत नसेल तर पोरांना काय शिकवणार?" मी उठायला लागलो, तर दादाने मनगट धरून खाली बसवलं.

मग तिचा आवाज आला. आधी तिचं नाव, मग दादाचं, मग आडनाव. सगळं स्पष्ट, बाहेर ऐकू येईल असं.

नोकरी तिला मिळाली, पण ते नंतरचं. त्या क्षणी माझ्या शेजारचा दादा "ओ" म्हणून उठून उभा राहिला होता.