पुरा केलेला डोळा

धाराशिवच्या बाजारात धोंडप्पांचं दुकान होतं. दफ्तरांना पुठ्ठे बांधायचे आणि तसबिरी मढवायच्या, हे त्यांचं काम. निजामाच्या कचेरीतली उर्दू दफ्तरंसुद्धा त्यांच्याकडंच यायची. माणूस मायाळू. कुणाचा फोटो पुसट झाला असला, तर मिशीवर, भुवईवर पेन्सिल फिरवून देत. लोक खूश होत.

१९४४ साली मुलींच्या शाळेतल्या शिवकांताबाई एक कागद घेऊन आल्या. त्यांचा धाकटा भाऊ गुंडप्पा हैदराबादला चित्रकला शिकत होता. तिथंच विषमज्वरानं गेला. शेवटच्या सुट्टीत त्यानं आईचं चित्र कोळशाच्या कांडीनं काढलं होतं. त्याच्या हातचं तेवढंच घरात उरलं होतं.

“अप्पा, जपून मढवा,” बाई म्हणाल्या.

धोंडप्पांनी कागद उलगडला. पाचसहा जाड रेघा, लांब मान, पदराची कड. उजवा डोळा होता; डावीकडं नुसता कोरा कागद. पुरं करायच्या आतच पोरगं गेलं, असं त्यांना वाटलं. दोन दिवस खपून त्यांनी पेन्सिलीनं डावा डोळा काढला, गालाची रेघ जोडली, बोटांचे काळे डाग पुसले. कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ लावली आणि कागद पुठ्ठ्यावर पक्का चिकटवला.

तसबीर बघून बाईंनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

“हा डोळा कुणी काढला?”

“म्या काढला. अर्धवट होतं न्हवं?”

“नव्हतं, अप्पा. आई चुलीपुढं बसली होती. जाळाच्या उजेडात तिचं अर्धं तोंड दिसतच नव्हतं. गुंडूनं ते तसंच काढलं होतं.”

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

धोंडप्पांनी तसबीर ठेवून घेतली. पावाचा मऊ गोळा फिरवून पेन्सिल पुसून बघितली. खूण कागदात रुतली होती. खळ ओली करून कागद सोडवायला गेले, तर कोळसाच सुटायला लागला. शेवटी हात जोडून त्यांनी ती परत दिली. मग दर पावसाळ्याआधी ते बाईंच्या घरी जाऊ लागले. काच कोळशाला टेकू नये म्हणून कडेनं पट्ट्या घातल्या, उन्हाच्या भिंतीवरून तसबीर हलवली, मागं कडुलिंबाचा पाला ठेवला. तरी मोरचुदानं कागद करपल्याचे तांबूस डाग वर येतच राहिले.

१९४७च्या उन्हाळ्यात गुंडप्पाचे हैदराबादचे मास्तर शिष्यांची चित्रं प्रदर्शनासाठी गोळा करत धाराशिवला आले. त्या दिवशी धोंडप्पा पाला बदलायला आलेलेच होते. मास्तरांनी तसबीर दारातल्या उजेडात धरली आणि बराच वेळ न्याहाळली.

“ही मानेची रेघ बघा. असं काढणारे आपल्याकडं फार थोडे आहेत. पण हा डोळा दुसऱ्याच्या हातचा. प्रदर्शनात नाही लावता येणार.”

बाई मास्तरांसाठी पाणी आणायला वळल्या. त्या नाव सांगणार नाहीत, हे धोंडप्पांना कळलं.

“तो हात माझा, साहेब.”

मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं. “निघतो का, बघितलं?”

“लई बघितलं. न्हाय निघत.”

“मग आता हात लावू नका. आहे तेवढं तरी राहील.”

मास्तर रिकाम्या हातानं गेले.

१९४८च्या पोलीस ॲक्शननंतर बाईंची बदली झाली. तसबीर त्यांनी बरोबर नेली. पुढं तिचं काय झालं, ते धोंडप्पांना कधीच कळलं नाही. फोटोवर पेन्सिल फिरवायची मात्र त्यांनी सोडली. गिऱ्हाइकं नाराज व्हायची.

एकदा जेवताना ते बायकोला, नीलम्माला, म्हणाले, “नुसतं विचारलं असतं, तर बाईंनी सांगितलं असतं. चार घरं सोडून तर राहत होत्या.”