माजी मराठी शाळा

"भिया, माँजी नहीं रहीं," बडा गणपतीच्या देवळाजवळच्या चहावाल्याने फोनवर सांगितलं, आणि क्षणभर मला कळलंच नाही की तो माझ्या आत्याबद्दल बोलतोय. आमच्या घरात ती कुमुदआत्या. माँजी ती झाली एका पाटीमुळे... आणि ती पाटी आली ऑस्ट्रेलियातल्या एका गावामुळे.

तिचा मुलगा तिथे गुरांचा डॉक्टर. गव्हाच्या शेतांमधलं एवढंसं गाव, पण आत्या त्याच्याकडे राहून परत आली ती तिथल्या इमारतींविषयीच बोलत. जुन्या बँकेत बेकरी, कोर्टात म्हाताऱ्या विणकाम करत बसतात, स्टेशनात गाडी येत नाही तरी बाकांना रंग लागतो, आणि प्रत्येक दारावर इंग्रजीत पितळी पाटी: माजी बँक, माजी कोर्ट, माजी स्टेशन. "आपल्या इथे याहून पुराने पाटे-वरवंटे सापडतील," ती म्हणायची, "पण त्यांना जुन्याची लाज नाही बघ." तिला त्या गावाचा हेवा वाटला होता, आणि हेवा वाटला की आत्या स्वस्थ बसत नसे.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातली, बडा गणपतीजवळची मराठी शाळा, जिथे तिने जन्मभर शिकवलं, मुलांअभावी बंद पडली होती. जागा मोक्याची, त्यामुळे संस्थेच्या मंडळींना ती पाडून दुकानं काढायची होती. आत्याने 'माजी मराठी शाळा' अशी पाटी रंगवून घेतली, दारावर ठोकली आणि रोज सकाळी तिच्याखाली खुर्ची टाकून बसू लागली. गंमत अशी की हिंदी डोळ्यांना 'माजी' म्हणजे माँजी. ही माँजींचीच शाळा, असं गल्लीने ठरवूनच टाकलं. पाडायला आलेल्या ठेकेदाराने पाटी वाचली, खाली बसलेली बाई पाहिली आणि पाया पडून हात हलवत परत गेला. दुसऱ्याला तर गल्लीनेच परतवलं. लोकांचा गैरसमज दूर कर, असं मी एकदा तिला सुचवून पाहिलं.

"तू काही बोलू नकोस, समझे?" ती म्हणाली. "आयुष्यभर शुद्धलेखन तपासलं रे. या एका चुकीला मी पूर्ण मार्क देणार."

शोकसभेत संस्थेचे एक पदाधिकारी तिच्याबद्दल गोड बोलले आणि खाली उतरता उतरता मला म्हणाले की आता शाळेचा प्रश्नही मार्गी लागेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही. एक म्हातारी गेली म्हणजे भिंती बेवारस झाल्या, असं यांना वाटतं... वाटू दे. त्या भिंतींत मी बाराखडी शिकलो आहे, आणि हट्टही तिथेच शिकलो.

हल्ली सकाळी मी तिच्या खुर्चीत बसतो. परवा मोजमापाची फीत घेऊन एक माणूस आला. त्याने मान वर करून पाटी वाचली, पायरीशी चपला काढल्या आणि दबक्या आवाजात विचारलं, "माँजी हैं क्या?"

"अंदर हैं," मी म्हणालो. "और कहीं नहीं जा रहीं."