बाल्बिनियसचा वकील

लेऑन्स देलपेराच्या घरी जेवायला गेलात तर टेबलाशी लेऑन्स, त्याची बायको सिदोनी आणि बाल्बिनियस असे तिघे असायचेच. बाल्बिनियसला मरून सतराशे वर्षं झाली होती, पण लेऑन्सने त्या बिचाऱ्याला कधी पाठ टेकू दिली नाही. सूप आलं की बाल्बिनियस यायचा आणि चीज संपेपर्यंत हलायचा नाही.

लेऑन्सने सारी हयात शहरातल्या शाळेत लॅटिन शिकवलं. मुलांनी ते ऐकून घेतलं, कारण वर्गाचं दार बंद असायचं. पुढे निवृत्त होऊन तो बाल्बिन्याकला, म्हणजे आपल्याच गावी, कायमचा येऊन बसला. इथे दारं उघडी होती, तरी आम्ही ऐकत राहिलो. चूक आमचीच.

त्याचं म्हणणं असं, की गावाच्या नावाशेवटी ‘आक’ आलं की ती कुणातरी रोमन जमीनदाराची वाडी समजायची. बाल्बिनियसची वाडी ती बाल्बिन्याक. तसं आमच्या मुलखात दगड भिरकावला तरी तो कुठल्यातरी आकवरच पडेल, पण लेऑन्सच्या लेखी खरा आक एकच. बाल्बिनियसची कोठी पेतांकच्या मैदानाखाली गाडली गेली आहे, असंही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. खणून बघायला कुणी तयार नव्हतं. मैदान खणल्यावर लोखंडी गोळे फेकायचे कुठे?

सिदोनी ओढ्यापलीकडच्या अव्हालेयची. दोन गावांमध्ये एक पूल आणि पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस. तिला बाल्बिनियस फुटक्या कवडीइतकाही प्रिय नव्हता.

“तोतरा होता तुझा बाल्बिनियस,” ती म्हणायची. “बाल्बुस म्हणजे तोतरा. तूच शिकवलंस मला, लग्नाआधी फिरायला नेलं होतंस तेव्हा. बाकीच्या मुली फुलं घेऊन घरी गेल्या, मी हे घेऊन गेले.”

“अगं, आडनाव होतं ते घराण्याचं! आडनावांचे अर्थ काढायचे नसतात.”

“मग मास्तर, आमच्या गावाच्या नावाचा बरा काढता येतो तुला?”

तो काढायचाच. आमच्या फ्रेंचमध्ये अव्हाले म्हणजे गिळणे, हे शेंबडं पोरही सांगेल. एवढ्यावरून लेऑन्स बायकोच्या अख्ख्या माहेराला ‘गिळे’ म्हणायचा. “रोमन गेले, सगळीकडे अंधार पडला, मग कधीतरी चार भुकेले गिळे ओढ्याकाठी येऊन बसले. कालची वस्ती तुमची!” हे तो पाहुण्यांदेखत म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

सिदोनी यावर भांडत नसे. ती मुरंबा करायची. तिचा भाऊ युलिस अव्हालेयच्या बागेतली सफरचंदं पोत्याने आणून टाकी. मग स्वयंपाकघरात दोन दिवस वाफ असे, आणि तिसऱ्या दिवशी ती प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवायची. ‘सफरचंद, अव्हालेय’ आणि खाली सालाचा आकडा. बाल्बिन्याकच्या चुलीवर शिजलेला, बाल्बिन्याकच्या फडताळात ठेवलेला, बाल्बिन्याकच्या पावाला लागणारा मुरंबा, पण नाव माहेरचं. सकाळी बरणी अशी ठेवायची की चिठ्ठी बरोबर लेऑन्सच्या नाकासमोर येईल.

आता एक गोष्ट सांगतो, जी लेऑन्सने जन्मात कुणाला सांगितली नव्हती. अव्हालेयचा गिळण्याशी काडीचाही संबंध नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या एका हिवाळ्यात जुनी कागदपत्रं चाळताना त्याला ते कळलं होतं. अव्हालो म्हणजे सफरचंद, आणि नावाचं मागचं शेपूट म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. दोन्ही शब्द लॅटिन नव्हतेच. रोमन पलटणी यायच्या आधी इथे जे गॉल लोक राहायचे, त्यांचे ते शब्द. म्हणजे बाल्बिनियसचा आजा पाळण्यातसुद्धा नव्हता, तेव्हा बायकोच्या माहेरी सफरचंदं पिकत होती. लेऑन्सने त्या दिवशी कागद मिटले, तोंड मिटलं, आणि जेवताना बायकोला रोजच्यासारखं गिळी म्हणाला. घरात नवऱ्याला तेवढंच एक वर्चस्व होतं, ते काय उगाच सोडायचं?

सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण वरून टूम निघाली, की लहान गावांनी एकत्र यावं. बाल्बिन्याक आणि अव्हालेय मिळून मेयर एक, कचेरी एक, कचऱ्याची गाडी एक. एवढ्यावर कुणाची हरकत नव्हती. पण नावही एकच हवं होतं. दोन्ही नावं जोडून लावा म्हणावं, तर आधी कुणाचं यावरून दोन सभा मोडल्या. शेवटी ठरलं की मतदान घ्यावं आणि सोक्षमोक्ष लावावा. टेबलावर दोन नावांच्या चिठ्ठ्यांचे दोन ढीग. आपल्याला हवी ती उचलायची, पडद्यामागे जाऊन पाकिटात घालायची, पाकीट पेटीत.

बाल्बिन्याकचे मतदार अव्हालेयपेक्षा दोनच जास्त होते, पण होते. त्यामुळे आमच्या बाजूला आधीच अक्रोडाच्या वाइनच्या बाटल्या गार करायला ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या मोजल्या, आणि आमच्या मेयर मादाम रुबिने यांचा चेहरा पडला. मतं सारखी! म्हणजे आमच्यातल्या कुणीतरी एकाने पलीकडची चिठ्ठी टाकली होती.

हॉलमध्ये गलका उसळला. तेवढ्यात आन्सेल्म बाकावर उभा राहिला. हा लेऑन्सचा पेतांकचा जोडीदार. त्याचा चष्मा पंधरा दिवसांपासून फुटलेला होता आणि नवा करायचा त्याला कंटाळा होता, त्यामुळे तो बोलताना मेयरऐवजी खांबाकडे बघून बोलला.

“एवढं काय डोकं धरून बसलाय? नियम काय सांगतो? निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर कोण येतो?”

“वयाने मोठा असेल तो!” अख्खा हॉल ओरडला. आमच्याकडे हा कायदाच आहे, आणि लहानपणापासून प्रत्येकाला पाठ आहे.

“मग झालं तर! वयाने मोठ्या गावाचं नाव लागेल.”

गाव म्हणजे काही उमेदवार नव्हे, हे तिथे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दोन्ही मेयर मान डोलावू लागले. नियम तो नियम. आता वय सांगणार कोण? आन्सेल्मने खांबाकडे बघून डोळा मारला. “आपला लेऑन्स सांगेल! लॅटिन आहे त्याच्याकडे.” गंमत म्हणजे पलीकडचेही चटकन तयार झाले. युलिसने शेजाऱ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि म्हणाला, “चालेल आम्हाला. आमच्या बहिणीच्या हातचं खातो तो. खोटं बोलेल तर जेवेल कुठे?”

सभा पुढच्या रविवारची ठरली. तो आठवडा लेऑन्सला फार जड गेला. बेकरीत गेला की लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, “आता सगळं तुझ्या हातात!” आणि सिदोनी गेली की बोलणं बंद व्हायचं. फुटलेलं मत कुणाचं, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. बेकरीवाली तिला पाव देताना नुसता पाव द्यायची, ‘कशी आहेस’ नाही.

लेऑन्सलाही तीच खात्री होती. आतून तो दुखावलाही होता. इतकी वर्षं या घरात राहून शेवटी माहेरच! पण विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण त्याच्या स्वतःच्याच पोटात ती सफरचंदं होती.

“काय सांगणार आहेस रविवारी?” बुधवारी तिने वाटाणे सोलता सोलता विचारलं.

“जे आहे ते.”

“म्हणजे बाल्बिनियस.”

“बाल्बिनियस... आहेच.”

“मग एवढा चिंताग्रस्त का? आयुष्यात पहिल्यांदा लोक आपणहून तुझं व्याख्यान ऐकायला येतायत. शर्ट इस्त्री करून ठेवलाय.” असं म्हणून तिने वाटाण्याचा एक दाणा त्याच्या कपाळावर मारला.

रात्री अंथरुणात तो हिशेब मांडायचा. नुसतं ‘बाल्बिन्याक, रोमन काळ’ म्हणायचं आणि खाली बसायचं. पलीकडच्यांना स्वतःला तरी काय ठाऊक होतं? गिळणे म्हणूनच ते आजवर ऐकत आले. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्याची तर त्याला सवय होती. नाव गेलं तर? रस्त्यावरची पाटी जाईल, पोरांच्या जन्मदाखल्यावर ते नाव येणार नाही, आणि बाल्बिनियसला या जगात विचारणारं कुणी उरणार नाही. या विचाराने त्याला खरोखर गलबलून यायचं. हसू नका, माणूस एखाद्या मेलेल्या रोमन जमीनदारालाही जीव लावतो.

रविवारी हॉल खच्चून भरला. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते. सिदोनी आली, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ उजवीकडे जाऊन भावाशेजारी बसली. डावीकडून एक मोठा ‘हं’ निघाला. लेऑन्सने तो ऐकला.

तो उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. बाल्बिनियसबद्दल तो बोलला, आणि चांगलं बोलला. वाडी, द्राक्षं, तेलाचे रांजण. डावीकडून टाळ्या पडल्या. आन्सेल्म ओरडला, “बस्स! झालं! बस खाली!”

आणि लेऑन्स बसणारच होता. बूड खुर्चीला लागायला चार बोटं उरली असतील, तेवढ्यात त्याची नजर सिदोनीकडे गेली. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, हातातली पर्स गच्च धरलेली. त्याला वाटलं, ही वाट बघते आहे. सगळ्यांदेखत गिळी म्हणवून घेत आयुष्य काढलं हिने. आता आपल्या गावासाठी मत दिलं म्हणून पाव देणारीही हिच्याशी बोलत नाही. एवढं तिच्या हक्काचं आहे, ते तरी तिला द्यावं.

तो परत उभा राहिला.

“आणि अव्हालेय,” तो म्हणाला, “अव्हालेय जुनं आहे. रोमनांच्याही आधीचं. ते गिळणंबिळणं मी... ते खोटं होतं. सफरचंदांची मोकळी जागा, असा त्याचा अर्थ आहे. बाल्बिनियस आला तेव्हा ती झाडं तिथे होती.”

पुढचं काय सांगायचं! उजवीकडचे बाकांवर चढले. युलिसने टोपी छताला मारली. आन्सेल्म लेऑन्सच्या मागे दारापर्यंत येऊन, या खेपेला बरोबर लेऑन्सकडे बघत म्हणाला, “तुझे गोळे उद्यापासून पलीकडे घेऊन जा खेळायला. आमच्या मैदानाखाली तुझा कुणी राहत नाही.” मादाम रुबिनेंनी पराभूत उमेदवाराशी करतात तसं त्याच्याशी हस्तांदोलन केलं. नवं नाव ठरलं अव्हालेय.

घरी येताना सिदोनी एक अक्षर बोलली नाही. आनंदाने गप्प आहे, असं लेऑन्सने धरलं. घरी येऊन त्याने कोट काढला, हात धुतले, आणि कौतुकाची वाट बघत टेबलाशी बसला. तिने त्याच्यासमोर सूप आदळलं. अर्धं टेबलावर सांडलं.

“आता तरी खूश ना?” तो म्हणाला. “तुझं गाव जिंकलं.”

“माझं गाव कुठलं रे?”

“अव्हालेय. तू मत दिलंस की.”

“मी बाल्बिन्याकला मत दिलं, गाढवा.”

लेऑन्सने चमचा खाली ठेवला.

“या घरात मी सून म्हणून आले. तुझ्या आईचं केलं, आपल्या लेकीला, मातील्दला, इथे जन्म दिला, तुझ्या आईला टेकडीवरच्या दफनभूमीत पोचवलं. माझी जागाही तिथेच ठरलीय, तुझ्या डावीकडे. आणि मी चिठ्ठी अव्हालेयची टाकीन?”

“मग तिकडे जाऊन का बसलीस?”

“युलिसला ऐकू येत नाही! सगळं त्याच्या कानात ओरडून सांगावं लागतं. ही एक गोष्ट तुझ्या लॅटिनमध्ये नसेल.”

“पण मग ते फुटलेलं मत...”

“आन्सेल्मला विचार. चष्म्याशिवाय कुठल्या ढिगात हात घातला ते त्याला स्वतःला तरी ठाऊक आहे का?” ती खुर्चीवर बसली, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. “तुझ्याकडे एवढी बघत होते, का तर देवाला म्हणत होते, हा गप्प बसू दे. जन्मभर मला थापा मारल्यास ना गिळ्यांच्या? मी ऐकल्या. आणि एकदा, एकदाच गावाला तुझ्या थापेची गरज होती, तर तुला खरं बोलायचा झटका आला!”

“मी तुझ्यासाठी बोललो,” तो कसाबसा म्हणाला.

“कळलं मला ते,” सिदोनी म्हणाली. “म्हणून तर सूप टेबलावर सांडलं, डोक्यावर नाही.”

मग दोघंही जेवली. बाल्बिनियस त्या दिवशी आला नाही. चीज झाल्यावर ती म्हणाली, “नियम ठाऊक आहे ना? मोठ्याचं चालतं. मी मोठ्या गावची. भांडी घास.” तो उठला आणि घासायला लागला.

त्याच्या पाठीमागे तिने फडताळातून नव्या मुरंब्याच्या बरण्या काढल्या. कालच भरलेल्या, अजून चिठ्ठ्या लागायच्या होत्या. कात्रीचा आवाज आला, मग पेनाचा. एक बरणी तिने त्याच्या कोपराशी आणून ठेवली आणि दिवा मालवायला आत गेली.

लेऑन्सने ओले हात पँटला पुसले आणि बरणी उजेडात धरली. सफरचंदं युलिसच्याच बागेतली होती. चिठ्ठीवर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘सफरचंद, बाल्बिन्याक’. खाली साल होतं. डिंक अजून ओला होता, म्हणून त्याने अंगठ्याने चिठ्ठी बराच वेळ दाबून धरली.