लागलं का?

आमचे बाबा जन्मभर नाकासमोर चालले. आता काचबिंदूमुळे त्यांना नाकासमोरचंच दिसतं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं, तर म्हणाले, "समोरचं तं सारं दिसते मले." दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या, स्कूटर काढून बाजारात हजर. ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. बापापासून चाबी लपवायचं धाडस माझ्यात नव्हतं. भांडायची मात्र रोज.

मी हिंगणघाटला घरूनच कंपनीचं काम करते. संगणकावरच्या खेळात धावत्या वस्तू एकमेकींना धडकल्या का, हे झटपट ओळखणारा प्रोग्राम लिहिते. एका दुपारी बाबा चहा घेऊन शेजारी येऊन बसले. पडद्यावर दोन चेंडू आदळले.

"लागलं का?" त्यांनी विचारलं. लेकरू पडल्यावर विचारतात तसं.

मला हसूच फुटलं. "बाबा, प्रोग्रामही हेच विचारते. पण त्याले दुखण्याशी घेणं नाई, टेकलं का एवढंच पायजे." मग सांगितलं, की प्रत्येक वस्तूभोवती एक ढगळ चौकट मानायची. चौकटीच एकमेकींना शिवल्या नाहीत तर पुढचं गणित सोडून द्यायचं. म्हणून काम लवकर होतं. मग जुना, चुकीचा प्रोग्राम लावून एक भरधाव चेंडू भिंतीवर सोडला. तो आरपार गेला.

"हे काऊन?"

"संगणक थांबून थांबून पाहते, बाबा. एकदा पाह्यलं तवा चेंडू अलीकडं, मंग एकदम पलीकडं. मधात भिंत होती, ते त्यानं पाह्यलंच नाई. म्हणून मधली सारी वाट तपासा लागते."

बाबांचा चहा निवत राहिला.

"परवा चौकात एक बाई लेकराले घेऊन एकदम गाडीपुढं आली," ते म्हणाले. "मले वाटलं, कुठून टपकली! पण ते बाजूनं चालतच आली असंन ना?"

"लागलं का तिले?"

"नाई. तिनंच लेकराले मागं ओढलं."

ओरडायला तोंड उघडलं होतं मी, पण राग आलाच नाही. त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वेळेला त्यांनी चाबी माझ्या हातात दिली. "तू चालव," म्हणाले. मी गाडी सुरू केली. ते मागे बसले, पण पाय लोंबतेच. आईला, मला वर्षानुवर्षं ज्या सीटवर बसवून फिरवलं, तिथे ते स्वतः कधी बसलेच नव्हते.

"पाय कुठी ठेवू, बेटा?"

मी गाडी बंद केली, उतरले, आणि वाकून त्यांच्यासाठी फुटरेस्ट उघडले.