पडद्यावरचे चार

माझ्या नणंदेच्या नाकावर राग आहे, असं सासरी सगळेच म्हणतात. ह्यांचं म्हणणं, नाक लहान, म्हणून उरलेला घरभर सांडतो. मी तिला पंधरा वर्षं बघतेय. विनाकारण चिडलेली कधी दिसली नाही.

रुग्णाच्या शिरेत हळूहळू औषध सोडणारे पंप असतात ना, त्यांचे पडदे ती बनवते; आकडे, बटणं, सगळं. फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात तिच्या पद्धतीला. एकदा भाजी निवडता निवडता तिने मला समजावलं होतं. "वहिनी, घरात दोन घड्याळं असली की भांडण ठरलेलं. माझ्याकडे एकच. खरा आकडा एका जागी, आणि पडदा दर वेळी त्याच्यावरून नव्याने काढायचा. बटण दाबलं की आत चिठ्ठी जाते. सगळ्या चिठ्ठ्या ओळीने जपलेल्या, एकही खोडायची नाही."

"म्हणजे पडद्याला खोटं बोलताच येत नाही?"

"कुणी शिकवलं नाही तर."

शिकवलं तिच्या साहेबांनी. पंपाचं उत्तर येईपर्यंत पडदा क्षणभर थांबतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत होतं. ही रजेवर असताना त्यांनी पडद्याला स्वतःचा वेगळा आकडा ठेवू दिला. महिन्याभरात एका नर्सने औषध आठावरून चारवर आणलं. पंपाने ते घेतलंच नाही, पण पडद्यावर चार झळकले. रुग्ण दोन दिवस बेशुद्ध होता. वाचला, नशीब! चौकशी लागली तेव्हा कंपनीने लिहून दिलं की नर्सने आकडा बदललाच नव्हता. बाईची नोकरी जायची वेळ आली.

नणंदेने त्या पंपातल्या चिठ्ठ्या मागवल्या. लगेच साहेबांचा फोन. "तुम्ही कशाला या भानगडीत पडता? त्या बाईला दुसरीकडे कुठेही काम मिळेल."

"मग तुम्हालाही मिळेल की, साहेब," म्हणून हिने फोन ठेवला. टेबलावरचं पाणी मी पुसलं. पेला तिनेच आपटला होता.

चौकशीच्या दिवशी गाडी मी चालवली आणि तिथल्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसून राहिले. तिने दोन पडदे शेजारी लावले, एक साहेबांचा, एक तिचा. दोन्हींना त्या दिवसाच्या त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने दिल्या. नर्सने बटण दाबल्याची चिठ्ठी आली. साहेबांच्या पडद्यावर चार आले. हिच्या पडद्यावर आठच राहिले, खाली लाल अक्षरात: पंपाने बदल घेतला नाही.

"हे प्रयोगशाळेतलं झालं," साहेब म्हणाले.

"ही बटणं या नर्सबाईंनी वॉर्डात दाबलीत. चिठ्ठीवरची वेळ वाचा. चष्मा देऊ?"

साहेबांनी वेळ वाचली नाही. चौकशीच्या अध्यक्षबाईंनी वाचली, मोठ्याने, आणि नर्सच्या विरुद्धचा कागद बाजूला सरकवला. "तुमच्यावर काही ठपका नाही. जा तुम्ही."

मला वाटलं, बाई आता रडेल, हात जोडेल. ती उठून उभी राहिली.

"पंधरा दिवस मी हेच सांगत होते. चार केले होते, चार दिसले होते. माझ्या बोलण्याकडे कुणी कान दिला नाही. पंप बोलला तेव्हा ऐकलंत."

नणंद तिच्यामागून जिन्यापर्यंत धावली. काय बोलली, मला ऐकू आलं नाही. नर्स न थांबता उतरून गेली.

परतताना नणंद गाडीत म्हणाली, "बरोबर बोलली ती. कंपनीचं ते पत्र निघण्याआधी एक फोन मलाही तिला करता आला असता." तिचा राग कुणावर होता, ते मी विचारलं नाही.